एका रात्रीची खानेसुमारी, दोन घरांची माणसं

१ मार्च १९०१ च्या रात्री मुंबईत खानेसुमारी झाली. फाल्गुनी पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली होती. चांदणं बऱ्यापैकी होतं, आणि ते योगायोगानं नव्हतं. इंग्रजी अमदानीतल्या खानेसुमाऱ्या एकाच रात्रीत उरकल्या जात. गणक म्हणून शाळामास्तर, तलाठी, कारकून असे लोक धरलेले असत. त्यांना वाड्यावस्त्यांवर अंधारात ठेचकाळावं लागू नये म्हणून साहेबसुद्धा पंचांग पाहून रात्र ठरवी. शिरस्ता असा होता की काही आठवडे आधी घरांवर नंबर टाकायचे, माणसांची काळ्या शाईनं यादी करायची आणि मुक्रर रात्री पुन्हा दारोदार फिरायचं. जो निघून गेला असेल त्याचं नाव लाल शाईनं खोडायचं, जो नव्यानं आला असेल त्याचं चढवायचं. त्या रात्री जो जिथं सापडेल, तो तिथला.

मुंबईत त्या रात्री लाल शाई बरीच खर्ची पडली असणार. प्लेगचा तो पाचवा हंगाम होता आणि दर वर्षी माघ-फाल्गुनात साथ जोरात असे. मोजणीचा आकडा आला ७,७६,००६. दहा वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, तो ८,२१,७६४ होता. नव्या गिरण्या उभ्या राहत होत्या, गोदीत मालाची ये-जा चालू होती, आणि शहर मात्र पावणेसेहेचाळीस हजारांनी आटलेलं. मुंबईपुरता खानेसुमारीचा अहवाल एस. एम. एडवर्ड्‌स या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं लिहिला. पुढं १९०९ चं मुंबईचं गॅझेटियर सिद्ध करणारा हाच तो गृहस्थ. अहवालाला जोडून त्यानं शहराचा सबंध इतिहासही लिहून काढला. आटलेल्या शहराचा इतिहास लिहायला बसणं मला तरी मोठं सूचक वाटतं.

मुंबईला अशा चढउतारांची सवय होती. १८४९ साली पोलिस सुपरिंटेंडेंट कॅप्टन बेन्स यांनी केलेल्या गणतीत ५,६६,११९ माणसं भरली होती. १ फेब्रुवारी १८६४ ला डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली मोजणी झाली, ती निघाली ८,१६,५६२. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस थांबला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरांचं वेड, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या, हमालापासून शेठजीपर्यंत सगळे तेजीत. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं आणि बाजार बसला. १८७२ च्या मोजणीत माणसं उरली ६,४४,४०५. पैसा आला तेव्हा आली होती, पैसा गेला तशी एक लाख बहात्तर हजार माणसं पांगली. कुठं गेली, ते विचारण्याची सोय कोणत्याच रकान्यात नव्हती. जिथून आली होती तिथं गेली, हे उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

गेली दीडशे वर्षं मुंबईच्या लोकसंख्येबद्दल, आरोग्याबद्दल, बेकारीबद्दल जी आकडेवारी छापली गेली, तिच्यातली निम्मीअधिक गफलत या एकाच गोष्टीतून आली आहे, असं माझं मत झालं आहे. मुंबईचा कामकरी माणूस दोन घरांत राहत होता. एक परळ-लालबागच्या चाळीत, दुसरं राजापूर, संगमेश्वर, देवगड, सावंतवाडी किंवा घाटावर कराड-पाटणकडे. सरकार मात्र एका वेळी एकच घर पाही.

प्लेगनं हे पहिल्यांदा उघडं पाडलं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर नगरपालिकेचे सभासदही होते. आधी कुणी विश्वास ठेवला नाही, मग भीतीची लाट उसळली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांच्या वर माणसं शहर सोडून गेली, असा अंदाज सर्रास सांगितला जातो. जवळजवळ निम्मी मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून, बोरीबंदरावरून, जे मिळेल ते वाहन धरून लोक गावी गेले आणि काही जण आपल्याबरोबर रोगही घेऊन गेले.

मागं राहिलेल्यांचं मरण मोजणं ही आणखीच वेगळी कसरत होती. घरात प्लेगचा मृत्यू नोंदला की पालिकेची माणसं येत. गोधड्या-गाद्या जाळल्या जात, उरलेल्यांना छावणीत हलवलं जाई आणि भिंतीवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरं रंगवली जात. हे घर माणसांनी राहण्याजोगं नाही, असा त्याचा अर्थ. मग घरचे लोक मृत्यूचं कारण सांगताना ताप म्हणत, दमा म्हणत, क्षय म्हणत. नोंदवहीत प्लेगचे मृत्यू कमी आणि ‘तापा’चे भलतेच वाढलेले दिसू लागले. अधिकारी काही दुधखुळे नव्हते. त्यांनी प्लेगचा रकाना बाजूला ठेवला आणि त्या आठवड्यातले सगळे मृत्यू गेल्या पाच वर्षांच्या त्याच आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहिले. वरचा जो फरक, तो प्लेगचा. कोविडच्या काळात ‘जादा मृत्यू’ या नावानं जे गणित पेपरांत येत होतं, ते आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून झालेलं आहे.

पण त्या गणितातही एक भोक होतं. पाच वर्षांची सरासरी होती भरलेल्या मुंबईची, आणि मृत्यू होत होते अर्ध्या रिकाम्या मुंबईत. दर हजारी मृत्युदर काढायला छेदात १८९१ चा आकडा घातला, तर दर खऱ्यापेक्षा कमी दिसणार. कारण त्या आठ लाखांतले निम्मे गावी बसलेले. पुढं १९०१ चा आकडा हाताशी आला तेव्हा नेमकी उलटी तऱ्हा झाली. तो साथीच्या भरात मोजलेला, म्हणजे मुळातच तोकडा. वर्षभरातले मृत्यू त्यानं भागले की मुंबई म्हणजे प्रत्यक्ष यमपुरी दिसू लागे. रोग तोच, माणसं तीच, दोष सगळा छेदाचा.

पालिकेला हे झोंबलं असणार, कारण तिच्या आरोग्य खात्यानं दहा वर्षं थांबायचं नाकारलं आणि १९०६ मध्ये स्वतःची स्वतंत्र मोजणी करून घेतली. आकडा आला ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ, तीही दर साल हजारो माणसं प्लेगनं मरत असताना! इतकी पोरं पाच वर्षांत जन्माला येणं शक्य नव्हतं. काही माणसं नव्यानं आली होती, आणि पुष्कळशी १९०१ च्या त्या चांदण्या रात्री फक्त घरी नव्हती. १९११ ची सरकारी मोजणी झाली ती ९,७९,४४५ भरली. पालिकेच्या आकड्याहून अवघी दीड-पावणेदोन हजारांनी जास्त.

या रात्री शिमग्यापासून किती लांब होत्या, याचं मला कुतूहल होतं, आणि ते मी पंचांग चाळून शमवलं. १९०१ ची रात्र शिमग्याच्या पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधीची. १९११ ची, १० मार्चची, तशीच. १९२१ ची, १८ मार्चची, तशीच. १९३१ ची २६ फेब्रुवारी पौर्णिमेच्या सहाएक दिवस आधी येते. साहेबाला हवं होतं चढतं चांदणं, आणि सणाची गर्दी टाळायचीही होती. म्हणून त्यानं फाल्गुन शुद्ध दशमीच्या मागंपुढं तारीख धरली. आता कोकणातल्या कुणालाही विचारा, चाकरमानी शिमग्याला निघतो कधी? पौर्णिमेच्या दिवशी नव्हे. पालखी बाहेर पडायच्या आत पोहोचायचं, तर बोट चार दिवस आधीच धरायला हवी. त्या रात्री किती जण आगबोटीच्या डेकवर वळकट्या उशाशी घेऊन पडले होते, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. हा माझा तर्क आहे, आणि तो मला मोडवत नाही.

स्थलांतराचा एकच रकाना तेव्हा असे, जन्मस्थानाचा. जन्म कुठं झाला, एवढंच विचारायचं. १८७२ मध्ये मुंबईत राहणाऱ्या शंभरांपैकी ३१ जण मुंबईत जन्मलेले होते. १८८१ मध्ये २८, १८९१ मध्ये २५, १९०१ मध्ये २३, १९११ मध्ये २०, आणि १९२१ मध्ये फक्त १६. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले १८८१ मध्ये सव्वा लाख होते, ते १९२१ मध्ये सव्वादोन लाखांच्या वर गेले. म्हणजे शहरातला पाचांतला एक. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भागही होता, तरी सबंध जिल्ह्याची वस्ती साडेअकरा लाखांच्या आसपास होती. त्या जिल्ह्याच्या मोजणीत पुरुषांपेक्षा बायका जास्त भरत, आणि मुंबईत १९२१ साली दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशे. दोन तक्ते शेजारी ठेवले की एक संसार दिसतो. नवरा या तक्त्यात, बायको त्या तक्त्यात, आणि दोघांमध्ये मनीऑर्डर.

कुटुंबाची व्याख्या करतानाही खानेसुमारीवाल्यांची दमछाक होई. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हे खेड्यात ठीक. गिरणगावात एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये एक खोली घेऊन राहत. तिथं वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका एवढंच सामान, आणि जेवण खाणावळीत. पाळीप्रमाणे झोपायचं, कारण सगळ्यांना एकदम आडवं व्हायला जागा नसे. धोबीतलावाकडे गोवेकरांचे ‘कूड’ होते. तिथं बोटीवरचे खलाशी, आचारी आणि नोकरीच्या शोधात आलेले तरुण गावावार राहत. ही सगळी कुटुंबवत्सल माणसं होती, पण मुंबईच्या तक्त्यात त्यांची नोंद एकांडी.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झानं हीच जुनी तऱ्हा पुन्हा गिरवली. ६ ऑक्टोबर १९१८ ला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोक पुन्हा गावी पळाले आणि रोग पुन्हा त्यांच्याबरोबर गेला.

पण या सगळ्यांत जास्त गाजला तो १९२१ चा एक आकडा. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ तान्ही बालकं वर्षाच्या आत दगावली. इंग्लंड-वेल्समध्ये तेव्हा हाच दर हजारी ८३ होता. मुंबईतही खोल्यांप्रमाणे तो फोडून पाहिला, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८. शहरातले शंभरांतले ६६ लोक एकाच खोलीत राहत होते. ‘कापसाचं शहर पोरं खातं’ अशा अर्थाचं पुष्कळ काही त्यानंतर इथं आणि विलायतेत लिहिलं-बोललं गेलं.

८२८ हा आकडा जरा सावकाश वाचायला हवा. तो अक्षरशः खरा असता तर गिरणगावात चालती-बोलती पोरं दिसायलाच नकोत. हा दर म्हणजे एक अपूर्णांक. वर शहरात मेलेली तान्ही बाळं, खाली शहरात नोंदलेले जन्म. मरण सहसा चुकून सुटत नसे. मसणवटीत आणि कबरस्तानात नोंद करणारा माणूस बसलेला असे, त्याला वळसा घालून प्रेत पुढं जात नसे. जन्माला असं नाकं नव्हतं. सुईण आली, बाळ झालं, बारसं झालं, आणि पालिकेला पत्ता नाही. हे एक. दुसरं असं की चाळीतली बाई सातव्या-आठव्या महिन्यात गावी जाई. पहिलटकरीण माहेरी, पुढची बाळंतपणं सासू असेल तिथं. बाळ जन्मलं देवगडात, दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर आईच्या कडेवर बसून बोटीनं मुंबईला आलं, आणि पावसाळ्यात जुलाबानं परळला गेलं. त्याचा जन्म अपूर्णांकाच्या खाली कुठंच नाही, मरण मात्र वर आहे. अशी बाळं जितकी जास्त, तितका दर फुगलेला. आणि ती जास्त कुठं असणार, तर एका खोलीच्या बिऱ्हाडांतच. बंगल्यातली बाई बाळंत व्हायला बोटीत बसून जात नव्हती.

हेच बाळ जगलं तर खानेसुमारीत काय होई? जन्मस्थान: रत्नागिरी. चाळीत रांगत असतानाच ते ‘बाहेरून आलेलं’ ठरे. म्हणजे मुंबईत जन्मलेले फक्त १६ टक्के हा आकडा आणि ६६६ चा आकडा, एक स्थलांतराच्या तक्त्यातला आणि एक आरोग्य खात्याचा, दोन्ही एकाच बोटीतून आले होते. दोन्ही खाती वेगळी, दोन्ही अहवाल वेगळे.

यावरून कुणी म्हणेल, चला, म्हणजे परिस्थिती तितकी वाईट नव्हती. तसं म्हणणारे तेव्हाही असतील. साधा हिशेब करून पाहा. खरे जन्म नोंदलेल्याच्या दुप्पट होते असं उदारपणे धरलं, तरी दर उरतो हजारी ३३३. दर तिसरं मूल वर्ष बघत नव्हतं. आणि बायका गावी का जात होत्या, हाही प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्या पाहणीत मिळतं. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला त्या चाळीचाळींतून फिरल्या. १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये त्यांनी एका खोलीचं वर्णन दिलं आहे. दुसरा मजला, पंधरा फूट बाय बारा फूट. जमिनीवर सहा चुली, म्हणजे सहा बिऱ्हाडं. विचारपूस केली तेव्हा लहानमोठी मिळून तीस माणसं त्या खोलीत राहत असल्याचं कळलं. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बरोबरच्या नर्सला बार्न्सबाईंनी विचारलं, इथं आडोसा कसा करणार? तिनं तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखवला. तेवढाच पडदा लावून बाळंतपणासाठी वेगळा काढला जाई. रात्री सहा चुलींचा धूर त्याच खोलीत. आणि ही काही अपवादाची खोली नव्हती, अशा पुष्कळ पाहिल्या, असं त्या नमूद करतात.

त्या तिघी गावी गेल्या नव्हत्या. कदाचित गावी कुणी नसेल, कदाचित हजेरी बुडवून चालणार नसेल. कामावर जाताना पोर निजून राहावं म्हणून अफू घातलेली बाळगोळी देण्याची चाल गिरणीतल्या बायकांत सर्रास होती, हेही याच पाहणीत पुढं आलं. याला निर्दयपणा म्हणणं सोपं आहे. खोलीत बघायला कुणी नाही, गिरणीत पाळणाघर नाही आणि भोंगा थांबत नाही. दोष गोळीचा की भोंग्याचा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

आकडा सदोष असला, तरी त्यानं काम केलं. बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं होतं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कौन्सिलात तिथले सभासद असवले यांनी विधेयक आणलं. जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकर म्हणाले की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि या खर्चाचा भार सरकारनंही उचलायला हवा. ते बोलत होते तेव्हा ते स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहत होते. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला तसला पहिला. भत्ता ठरला दिवसाला आठ आणे.

त्याच लेबर ऑफिसनं कामकऱ्यांच्या घरखर्चाचीही पाहणी केली. फिंडले शिरास हे तिथले डायरेक्टर. १९२३ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालासाठी अडीच हजारांच्या आसपास कुटुंबांचे जमाखर्च तपासले होते. जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात होती. अहवालातलं एक वाक्य सरकारला चांगलंच जड गेलं असणार. गिरणीकामगाराच्या पोटात जातं ते अन्न दुष्काळी कामांच्या नियमावलीतल्या शिध्याएवढं आहे, पण मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जे ठरवून दिलं आहे त्याहून कमी आहे, असा त्याचा भावार्थ. सरकारी खात्यानं, सरकारी छापखान्यात, सरकारच्याच दोन नियमावल्या शेजारी ठेवून हे छापलं. पुढं कितीतरी वर्षं कामगारांच्या बाजूनं बोलणाऱ्यांना ते आयतं हत्यार झालं.

आता बेकारी. तिचा तर रकानाच नव्हता. खानेसुमारीत धंदा विचारत, काम आहे का ते विचारत नसत. रोज पहाटे गिरणीच्या दाराशी बदली कामगार गोळा होत. कुणी गैरहजर असला की जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवून एकाला आत घेई, बाकीचे घरी. महिन्यातून दहा-बारा दिवस काम मिळालं तरी गणकाच्या वहीत तो ‘गिरणीकामगार’. वेळ फारच वाईट आली की तो गावी जाई, आणि गावच्या गणकाच्या वहीत शेतकरी होई. मुंबईतली बेकारी अशी बोटीत बसून रत्नागिरीत उतरे आणि शेती म्हणून मोजली जाई. घरात कुणालाच काम नाही असं घर शोधायचं, तर आधी घर कुठलं ते ठरवायला हवं होतं.

१९२८ चा पाच महिन्यांहून लांबलेला संप घ्या. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर. सुमारे दीड लाख कामगार बाहेर. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत हजारो जण गावी गेले आणि भाताच्या लावणीला लागले. संप इतका लांबू शकला तो युनियनच्या पेटीत पैसा होता म्हणून नव्हे. गावाकडच्या दीडदोन एकरांनी आणि तिथं राबणाऱ्या बायकांनी तो पेलला. त्यांचं नाव संपाच्या इतिहासात सापडत नाही.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये मजुरांविषयीचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. कमिशनचं निरीक्षण अचूक होतं. मजूर शहराच्या ओढीनं येत नाही, गावातल्या दारिद्र्यानं ढकलला जातो. पण निष्कर्ष असा की गावाशी असलेलं हे नातं मोलाचं आहे, ते जपावं. आणि बेकारी विम्याची देशव्यापी योजना व्यवहार्य नाही. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की मला जरा संताप येतो. बेकारीचा खर्च कुणी सोसायचा, तर रत्नागिरीतल्या सासूनं.

१९३१ ला एक प्रयत्न झाला. सुशिक्षित बेकारांसाठी खानेसुमारीबरोबर वेगळे फॉर्म काढले गेले. ते भरून इतके थोडे परत आले की त्यांचा उपयोग झाला नाही. नोकरी नाही हे सरकारला लिहून द्यायला कोण तयार होणार, आणि तेही त्या वर्षी! कायदेभंग चालू होता, काँग्रेसनं ११ जानेवारी हा खानेसुमारी-बहिष्काराचा दिवस म्हणून पाळला होता. मुंबई भरली ११,६१,३८३. १९२१ च्या ११,७५,९१४ पेक्षा साडेचौदा हजारांनी कमी. मंदी, संप, १९२९ चे दंगे, बहिष्कार आणि पुन्हा तो शिमगा. कारणांची वाटणी कशी करायची ती करा.

याच मोजणीत मात्र एक रकाना उलटा फिरला. मुंबईत जन्मलेले १६ टक्के होते, ते २४ च्या वर गेले. बाहेरचे कामाअभावी परतले म्हणून टक्का वाढला, हे अर्धं उत्तर. पण मुंबईत जन्मलेल्यांची संख्याही चांगली लाखाच्या आसपास वाढलेली होती. १९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह आणि के.ई.एम. सुरू झालं होतं, आठ आण्यांचा कायदा आला होता. बायका मुंबईत बाळंत होऊ लागल्या होत्या आणि नोंदीही होऊ लागल्या होत्या. त्याच दहा वर्षांत बालमृत्यूचा दर ६६६ वरून तीनशेच्या आसपास उतरला. त्यातला किती भाग बाळं वाचल्यामुळं आणि किती भाग जन्म नोंदल्यामुळं, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही झालं होतं एवढं खरं.

एका रात्रीची पद्धत १९४१ मध्ये सोडून दिली. सगळ्या देशभर एकाच रात्री लाखो गणक उभे करणं झेपेना. १९५१ मध्ये ९ फेब्रुवारी ते १ मार्च असा मोजणीचा काळ धरला आणि माणूस नेहमी जिथं राहतो तिथं मोजायचा नियम आला. शिमग्याला चार दिवस गेलेला चाकरमानी आता आपल्या खोलीतच मोजला जाऊ लागला. जन्मस्थानाचा जुना रकाना तसाच राहिला. १९७१ मध्ये त्याच्या जोडीला ‘याआधीचं राहण्याचं ठिकाण’ विचारू लागले, १९८१ मध्ये स्थलांतराचं कारण. काम, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर अशी कारणांची यादी होती. माहेरी जन्मून दोन महिन्यांनी आईबरोबर परत आलेलं बाळ यातल्या कशात घालायचं, याचा निकाल २००१ च्या खानेसुमारीत लागला. त्या यादीत एक नवं कारण घातलं गेलं: ‘जन्मानंतर स्थलांतर’.